कोरं वर्तुळ आणि न काढलेलं चित्र : सौरडागांवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सौरडागांवर, म्हणजे सूर्यावर दिसणाऱ्या काळ्या डागांवर लेख होता, त्यात १६१० पासून आजपर्यंत डागांची संख्या कशी वरखाली होत आली याचा आलेख दिला होता, साधारण ११ वर्षांनी चढणारा आणि परत उतरणारा. त्यावर बरेच प्रश्न आले आणि बहुतेक एकाच शंकेभोवती फिरणारे आहेत, की तेव्हा फोटोच नव्हते तर हे आकडे आले कुठून. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलेले थोडे छाटलेत.

प्रश्न : १६१० साली कोणीतरी हाताने काढलेल्या चित्रावर आजच्या शास्त्रज्ञांनी विश्वास का ठेवायचा? चित्रकाराने मनाने चार डाग जास्त काढले असतील तर?

शंका रास्त आहे, पण ही चित्रं "बघितलं आणि आठवून काढलं" अशी नव्हती, निदान थोड्याच काळात तशी राहिली नाहीत. टेलिस्कोपमधून बघून काढलेलं सगळ्यात जुनं माहीत असलेलं चित्र इंग्लंडच्या थॉमस हॅरियटचं, डिसेंबर १६१० मधलं. हा गृहस्थ सूर्य क्षितिजाजवळ धुक्यात मंद झालेला असताना थेट डोळा लावून बघायचा (हे कोणीही करू नका, खाली परत सांगतो), त्याने जवळपास २०० चित्रं काढली आणि एकही छापलं नाही. छापायचा मान १६११ मध्ये योहानेस फाब्रिशियसला गेला. मग गॅलिलिओचा शिष्य बेनेडेट्टो कास्टेली याने युक्ती काढली की टेलिस्कोपच्या मागे कागद धरायचा, सूर्याची प्रतिमा त्या कागदावर पडू द्यायची आणि डाग जिथे दिसतात तिथेच गिरवायचे. म्हणजे चित्रकाराची कल्पनाशक्ती जवळजवळ बाजूलाच झाली, हात फक्त गिरवतो. गॅलिलिओने १६१२ च्या जून-जुलैमध्ये रोज अशी चित्रं काढली, ती आज एकापाठोपाठ एक लावली तर सूर्य फिरताना चक्क दिसतो.

आणि या चित्रांनी तेव्हाच एक भांडण मिटवायला मदत केली. क्रिस्टोफ शायनर हा जेसुइट (एका ख्रिस्ती पंथातला पाद्री) आधी म्हणत होता की हे डाग नाहीतच, सूर्यासमोरून जाणारे छोटे ग्रह आहेत. गॅलिलिओने चित्रांवरून दाखवलं की डाग सूर्याच्या कडेला जाताना चपटे होत जातात आणि त्यांचा वेगही कमी झाल्यासारखा दिसतो, हे फक्त पृष्ठभागावर चिकटलेल्या गोष्टीचंच होऊ शकतं. शायनरने पुढे वर्षानुवर्षं इतकी काळजीपूर्वक निरीक्षणं केली की १६२० च्या दशकाचा डेटा मुख्यतः त्याच्याच जिवावर आहे. माझं वैयक्तिक मत विचाराल तर गॅलिलिओचं नाव झालं पण चिकाटी शायनरची जास्त.

प्रश्न : टेलिस्कोपच्या आधीची काही चित्रं आहेत का?

मोजकी. नुसत्या डोळ्यांनी मोठे डाग दिसतात, चिनी नोंदी तर इसवी सनपूर्व २८ पर्यंत मागे जातात, पण त्या शब्दांत आहेत. चित्र म्हणाल तर इंग्लंडमधल्या जॉन ऑफ वुस्टर या संन्याशाच्या इतिवृत्तात ८ डिसेंबर ११२८ चा सूर्य काढलाय, वर एक आणि खाली एक असे दोन मोठे काळे गोळे, आणि गंमत म्हणजे पाच दिवसांनी कोरियात रात्री आकाश लाल झाल्याची नोंद सापडते, म्हणजे बहुधा ऑरोरा (ध्रुवप्रकाश).

दुसरं केप्लरचं. मे १६०७ मध्ये प्रागला त्याने अंधाऱ्या जागी बारीक भोकातून सूर्याची प्रतिमा पाडली, त्यावर काळा ठिपका दिसला आणि त्याला वाटलं बुध सूर्यासमोरून जातोय. तो डाग होता. या चित्राचा उपयोग काय झाला ते पुढच्या उत्तरात येतंच.

प्रश्न : एका चित्रातून नेमकं काय काय काढता येतं? फक्त डाग मोजायचे का?

मोजणं हा सगळ्यात सोपा भाग. खरी मजा जागेत आहे, म्हणजे डाग सूर्याच्या विषुववृत्तापासून किती दूर आहे यात. कारण नवीन सायकल (डागांच्या त्या ११ वर्षांच्या चढउताराची एक फेरी) सुरू होते तेव्हा डाग साधारण ३० अंशांच्या आसपास उगवतात आणि सायकल म्हातारी होत जाते तसे विषुववृत्ताकडे सरकत येतात. हे कॅरिंग्टन आणि स्प्योरर या खगोलशास्त्रज्ञांच्या निरीक्षणांतून कळलं आणि १९०४ मध्ये एडवर्ड आणि अ‍ॅनी माउंडर या नवराबायकोने ते आलेखावर मांडलं तर फुलपाखरांची रांग दिसली, म्हणून तो बटरफ्लाय डायग्राम. आता हे माहीत असेल तर एकटं चित्रसुद्धा बोलतं. केप्लरचंच घ्या, २०२४ मध्ये नागोया विद्यापीठाच्या हिसाशी हायाकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या १६०७ च्या चित्रांवरून डागाची जागा काढली तर तो विषुववृत्ताजवळ निघाला, आणि १६१० नंतरच्या हॅरियट-शायनर वगैरेंच्या चित्रांत डाग वरच्या अक्षांशांवर आहेत, म्हणजे १६०७ ला एक सायकल संपत आली होती आणि १६१० पर्यंत दुसरी लागलेली होती. एका चुकीच्या समजातून काढलेल्या चित्रावरून चारशे वर्षांनी सायकलची वेळ कळते, मला तरी हे भारी वाटतं.

पण जागा काढणं दिसतं तितकं सोपं नाही. चित्र स्कॅन करायचं, वर्तुळाचं केंद्र आणि त्रिज्या ठरवायची (जुना कागद आकसतो, त्यामुळे वर्तुळ कधी कधी लंबवर्तुळ झालेलं असतं), आणि मग मुख्य अडचण येते, की सूर्याचा उत्तर ध्रुव या कागदावर कुठे आहे? सूर्याचा अक्ष ७.२५ अंश कललेला, त्यात पृथ्वीचा कल मिसळला की आपल्याला तो अक्ष वर्षभरात २६ अंश इकडे आणि २६ अंश तिकडे डोलताना दिसतो. त्यावर पुन्हा सकाळी बघितलं की संध्याकाळी, प्रतिमा आरशासारखी उलटी आहे का, हे सगळं. ज्याने कागदावर पूर्व-पश्चिमेची एक रेघ मारून ठेवली आणि वेळ लिहिली त्याचे उपकार, पण सगळ्यांनी मारली नाही.

न्युर्नबर्गच्या योहान कास्पर श्टाउडाखरने १७४९ ते १७९६ अशी जवळजवळ ५० वर्षं चित्रं काढली, ८०० च्या वर चित्रं, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धाचा हा केवढा तरी मोठा आधार आहे, आणि बहुतेकांवर दिशाच नाही. जर्मनीत पॉट्सडामच्या संस्थेतले रायनर आर्ल्ट यांनी २००८ च्या सुमारास ती डिजिटाइज केली आणि दिशा काढायला सूर्याच्या फिरण्याचाच आधार घेतला. लागोपाठच्या दोन-तीन दिवसांची चित्रं घ्यायची, त्यातले तेच डाग ओळखायचे, आणि कागद असा फिरवत राहायचा की ते डाग सूर्य जसा फिरतो तसेच सरकलेले दिसतील. एका कोनात ते जमतं, बाकी कोनांत डाग वेडेवाकडे पळतात. ज्या दिवसाच्या आगेमागे ढग होते आणि चित्र एकटंच आहे, तिथे हा उपाय चालत नाही.

त्याच चित्रांवरून एक वादही झाला जो वाचण्यासारखा आहे. १७९० च्या दशकात एक छोटी सायकल हरवली का, म्हणजे चौथ्या आणि पाचव्या सायकलच्या मधे अजून एक होती का, अशी कल्पना काहींनी मांडली होती, कारण चौथी सायकल विचित्र लांब आहे. श्टाउडाखरच्या चित्रांतलं डागांचं क्षेत्रफळ मोजलं तर त्या कल्पनेला पाठिंबा मिळेना. मग डागांच्या जागा काढल्या तर १७९३ नंतर वरच्या अक्षांशांवर डाग दिसले, जे नव्या सायकलचं लक्षण, म्हणजे पाठिंबा मिळाला! कागद तोच, आणि आर्ल्ट दोन्ही कामांत आहेत. त्या वर्षांतली चित्रं मुळातच थोडी, त्यामुळे एखाददुसऱ्या डागाचं वजन फार वाढतं, म्हणून मी या हरवलेल्या सायकलवर पैज लावणार नाही.

अजून काय निघतं तर डागांच्या गटाचा तिरकेपणा (गटाचं पुढचं टोक विषुववृत्ताकडे थोडं झुकलेलं असतं), फिरण्याचा वेग, गट किती दिवस टिकला. निघत नाही ती मुख्य गोष्ट म्हणजे चुंबकीय ध्रुवता, कोणता डाग उत्तर आणि कोणता दक्षिण हे शाईत उतरत नाही. डागांना चुंबकीय क्षेत्र असतं हेच मुळी १९०८ मध्ये जॉर्ज हेलने दाखवलं. आणि क्षेत्रफळावर डोळे झाकून विसंबू नये, कारण अगदी बारीक डाग पेन्सिलीच्या टोकापेक्षा लहान काढताच येत नाही, तो मोठाच होतो.

प्रश्न : १६४५ ते १७१५ या काळात डाग जवळजवळ नव्हतेच असं लेखात होतं (माउंडर मिनिमम). खरंच नव्हते की लोक बघत नव्हते?

हा प्रश्न तिघांनी विचारलाय. आणि खरं सांगायचं तर हाच या सगळ्या विषयाचा गाभा आहे, कारण कोरं वर्तुळ म्हणजे "मी बघितलं आणि डाग नव्हता", आणि चित्र नसणं म्हणजे काहीच नाही, ढग असतील, तो आजारी असेल, कागद हरवला असेल. हे दोन्ही तक्त्यात शून्य म्हणून भरले की घोटाळा.

आणि तो घोटाळा झालेला आहे. १९९८ मध्ये हॉइट आणि शॅटन यांनी जुन्या निरीक्षकांचा प्रचंड मोठा डेटाबेस तयार केला, काम अफाट आहे, आजही त्याशिवाय कोणाचं पान हलत नाही. पण त्यात कोणी एखाद्या पत्रात "या वर्षांत मला डाग दिसला नाही" असं मोघम लिहिलेलं असेल तर त्या सगळ्या काळाचे रोजचे शून्य भरले गेले होते. रोज तो माणूस टेलिस्कोपला थोडाच चिकटून बसला होता. नंतरच्या उजळणीत असे शून्य काढून टाकले, तेव्हा कळलं की त्या काळातला पक्का डेटा वाटत होता त्याच्यापेक्षा बराच कमी आहे. काही संशोधकांनी त्याहून पुढे जाऊन म्हटलं की त्या काळी सूर्य निर्मळ मानायची पद्धत होती म्हणून लोक गोल नसलेले, बारीक डाग काढतच नव्हते आणि मिनिमम तेवढा खोल नव्हताच.

मला हे शेवटचं पटत नाही आणि बहुतेकांना पटलेलं नाही. एक तर लोक बघत होते. पॅरिसच्या वेधशाळेत पिकार आणि त्याच्यानंतर ला हीर हे खगोलशास्त्रज्ञ सूर्याची निरीक्षणं नेमाने घेत होते, डागांसाठी नाही तर सूर्याची उंची आणि व्यास मोजायला, डाग दिसला तर ते लिहायचे. १६७१ मध्ये पिकारला डाग दिसला तेव्हा त्याने आनंदाने नोंदवलं की मी अधूनमधून नीट लक्ष ठेवूनसुद्धा दहा वर्षांत एकही बघितला नव्हता. डाग ही बातमी झाली होती, आणि बातमी कोणी दडवत नाही. दुसरं म्हणजे त्या काळाच्या उत्तरार्धात जे थोडे डाग दिसले ते जवळजवळ सगळे सूर्याच्या दक्षिण गोलार्धातले, असला एकतर्फीपणा कोणी ठरवून चित्रात आणणार नाही. तिसरं, पुरावा फक्त कागदाचा नाही. सूर्य शांत असला की बाहेरून येणारे वैश्विक किरण पृथ्वीपर्यंत जास्त पोचतात, त्याने कार्बन-१४ आणि बेरिलियम-१० जास्त तयार होतं, पहिलं झाडांच्या वर्तुळांत आणि दुसरं ध्रुवीय बर्फात साठतं, आणि दोन्हींत हा काळ उठून दिसतो. १९७६ मध्ये जॅक एडी यांनी स्प्योरर आणि माउंडरचं विस्मरणात गेलेलं म्हणणं, की त्या काळात डाग जवळजवळ नव्हतेच, परत वर काढलं तेव्हा हे सगळं एकत्र मांडलं होतं, ऑरोराच्या नोंदीसुद्धा (सूर्य शांत असला की ऑरोरा कमी दिसतात). एडमंड हॅलीसारखा आकाशात डोळे लावून बसलेला माणूस, पण त्याने पहिला ऑरोरा बघितला १७१६ मध्ये, साठीला टेकल्यावर!

एकाने त्याच काळातल्या युरोपातल्या थंडीबद्दलही विचारलंय. थोडक्यात, ती थंडी माउंडर मिनिममच्या बरीच आधी सुरू झाली होती आणि ज्वालामुखींचा हात त्यात मोठा होता, सगळं सूर्याच्या माथी मारू नका.

प्रश्न : एकाचा टेलिस्कोप मोठा, एकाची नजर चांगली, मग सगळ्यांची मोजणी एका रेषेत कशी बसवतात?

इथे स्वित्झर्लंडमधल्या झुरिकचा खगोलशास्त्रज्ञ रुडॉल्फ वुल्फ येतो. डेसाऊचा श्वाबे नावाचा औषधविक्रेता १८२५ पासून बुधाच्याही आतला ग्रह सूर्यासमोरून जाताना सापडेल या आशेने रोज सूर्य बघत होता, ग्रह काही मिळाला नाही (नाहीच आहे तो), पण १८४३ अखेर त्याच्या लक्षात आलं की डाग साधारण १० वर्षांच्या चक्रात वाढतात आणि घटतात. ते वाचून वुल्फ कामाला लागला आणि त्याने सूत्र केलं : डागांच्या गटांची संख्या गुणिले दहा, अधिक सुट्या डागांची संख्या, आणि या सगळ्याला एका गुणकाने गुणायचं, ज्याला "के" म्हणतात. म्हणजे तीन गट आणि त्यात एकूण १४ डाग असतील तर ४४, गुणिले के. हा के माणसागणिक आणि टेलिस्कोपगणिक वेगळा. दोन निरीक्षकांनी एकाच काळात मोजलं असेल तर त्यांची तुलना करून के निघतो, मग त्या दुसऱ्याची तिसऱ्याशी तुलना, असं करत साखळी मागे न्यायची. साखळीत दोन माणसांचा काळ एकमेकांवर चढलेला नसेल तर ती तिथे तुटते, आणि अठराव्या शतकात ती बऱ्याच ठिकाणी तुटतेच.

वुल्फ अगदी बारीक डाग मोजत नव्हता, त्याचा मदतनीस आल्फ्रेड वोल्फर सगळे मोजायचा, म्हणून वोल्फरचा के ०.६ ठरला आणि झुरिकचे आकडे शंभर वर्षं ०.६ ने गुणून वुल्फच्या मापात आणले जात होते. त्यात विसाव्या शतकाच्या मध्यात झुरिकच्याच वाल्डमायरच्या काळात मोठ्या डागाला एकाऐवजी दोन, तीन, पाच असं वजन द्यायची पद्धत रूढ झाली आणि आकडे फुगले. जुलै २०१५ मध्ये ब्रसेल्सच्या केंद्राने, १९८१ पासून हे काम तिकडे आहे, सगळी मालिका सुधारली, वजनाचा फुगवटा काढला आणि ०.६ चा गुणकही सोडून दिला, त्यामुळे इंटरनेटवर जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवले तर नवे मोठे दिसतात, सूर्य काही वाढलेला नाही. या सुधारणेचा मोठा परिणाम म्हणजे विसाव्या शतकाचा उत्तरार्ध गेल्या काही शतकांत एकदम वेगळा, डागांनी फारच गजबजलेला होता असं जे जुन्या आकड्यांवरून वाटायचं, ते बरंच सौम्य झालं. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या काही सायकलीही तेवढ्याच दांडग्या निघाल्या. वाद संपलेला नाही, वेगवेगळे गट वेगवेगळ्या रीतीने साखळी जोडतात आणि १८०० च्या मागे उत्तरं फाकतात.

प्रश्न : फोटो आल्यावर तरी चित्रं थांबली असतील ना?

नाही. सूर्याचा पहिला डागांसकट फोटो १८४५ चा, ग्रीनिच वेधशाळेची रोजच्या फोटोंची मालिका १८७४ ची, तरीही कॅलिफोर्नियात माउंट विल्सन वेधशाळेत १९१७ पासून डाग हाताने काढतात आणि प्रत्येक डागाशेजारी त्याची ध्रुवता आणि चुंबकीय ताकद लिहितात. कोडाईकनालच्या वेधशाळेत फोटोही होते आणि हाताने काढलेले सूर्याचे तक्तेही, १९०४ पासून. कारण साधं आहे, हवा सतत थरथरते, जुन्या फोटोत जो क्षण सापडेल तो सापडेल, आणि डोळा मात्र हवा स्थिर होण्याची वाट बघतो आणि त्या क्षणी दिसलेलं कागदावर उतरवतो.

शिवाय काही गोष्टी फोटोच्या वाट्याला आल्याच नाहीत. १ सप्टेंबर १८५९ ला रिचर्ड कॅरिंग्टन पडद्यावरच्या प्रतिमेतून एक मोठा गट गिरवत होता तेव्हा त्याच्यासमोर गटात पांढरे झगझगीत ठिपके उमटले आणि पाच मिनिटांत विझले. साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ, तारयंत्रं बिघडली. त्या सौरज्वाळेची (सूर्यावरच्या त्या अचानक भडक्याची) नोंद म्हणजे त्याचं ते चित्र, आणि आजही एवढं वादळ घडवणारा गट केवढा असतो हे मोजायचं झालं तर लोक त्याच्याच चित्रांकडे जातात.

प्रश्न : सॅटेलाइट असताना माझ्यासारख्या हौशी माणसाने चित्रं काढून कोणाला उपयोग? आणि काढायची कशी?

सॅटेलाइटला इतके बारीक डाग दिसतात की त्यांची मोजणी वुल्फच्या छोट्या दुर्बिणीच्या मोजणीशी थेट जोडता येत नाही. चारशे वर्षांची मालिका पुढे न्यायची तर छोटा टेलिस्कोप आणि माणसाचा डोळाच लागतो, म्हणून ब्रसेल्सचं केंद्र आजही जगभरातल्या सुमारे ८० निरीक्षकांच्या मोजणीवर चालतं आणि त्यात हौशी लोक भरपूर आहेत. हिसाको कोयामा या जपानी बाईंनीही हौसेनेच सुरुवात केली, पुढे टोकियोच्या संग्रहालयात काम करत ४० वर्षांच्या वर डाग काढले, आणि साखळी जोडताना विसाव्या शतकातला एक महत्त्वाचा दुवा म्हणून त्यांचीच चित्रं वापरली गेली.

आता कसं काढायचं. सूर्याकडे टेलिस्कोपमधून थेट बघायचं नाही, एक सेकंदही नाही, दृष्टी कायमची जाते आणि जाताना दुखतही नाही. ५० ते ८० मिलिमीटरचा साधा भिंगांचा टेलिस्कोप घ्या, आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) मागे पांढरा कागद लावून प्रतिमा पाडा. शेजारच्या छोट्या फाइंडरला (रोख धरायच्या दुर्बिणीला) झाकण घालून ठेवा, तो विसरला जातो आणि कोणीतरी सहज डोळा लावतो. प्लास्टिकची नळी किंवा भारीतलं चिकटवलेल्या भिंगांचं आयपीस वापरू नका, उष्णतेने जातं. बंद नळीचा, आरसेवाला कॅसेग्रेन टेलिस्कोप यासाठी मुळीच नको. मुलं असतील तर टेलिस्कोप सोडून हलू नका.

कागदावर १५ सेंटिमीटरचं वर्तुळ आधीच काढून ठेवा आणि प्रतिमा त्यात बरोबर बसवा. मग टेलिस्कोप स्थिर सोडून एखादा डाग सरकत जातो ती रेघ मारा, तो पश्चिमेकडे सरकतो, झाली दिशा. डाग गिरवा, गडद गाभा आणि भोवतीची फिकट कड वेगळी दाखवा. खाली तारीख, वेळ (जागतिक वेळेत), टेलिस्कोप, किती पट, हवा कशी होती हे लिहा. डाग नसेल त्या दिवशीही वर्तुळ काढून "डाग नाही" लिहा आणि ढग असतील तर "ढग" लिहा. मधेच टेलिस्कोप बदलायची वेळ आली तर जुना लगेच देऊन टाकू नका, काही महिने दोन्हीतून मोजा, म्हणजे नव्याचा के काढता येईल.